संतमस ग्रहाविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कोल्हापुरातील आमचा आकाशदर्शन गट उन्हाळ्याच्या तोंडाशी मसाई पठारावर जे कार्यक्रम घेतो, त्यांत दुर्बिणीशेजारी एक मोठा रंगवलेला तख्ता उभा केलेला असतो आणि त्यावर संतमस या दूरच्या ग्रहावरील एका कल्पित ठिकाणाचे दृश्य असते. तख्ता पाहणाऱ्यांचे प्रश्न बहुतेक ठरलेले असल्यामुळे त्यांची उत्तरे येथे एकत्र दिली आहेत. वाचताना तीन गोष्टी मनात वेगळ्या ठेवाव्यात, अशी विनंती आहे: प्रत्यक्ष मोजले गेलेले, मोजमापावरून गणिताने निघणारे, आणि आम्ही कल्पिलेले. कल्पनेला मज्जाव नाही. मात्र तिने आधीच्या दोहोंच्या चौकटीत राहावे, एवढी अट आम्ही तख्ता रंगवताना पाळली आहे.

हा फोटो कोणी काढला?

कोणीही नाही. संतमसचे एकही छायाचित्र उपलब्ध नाही आणि आजच्या साधनांनी ते काढताही येत नाही. सूर्यमालेबाहेरील काही ग्रहांची थेट छायाचित्रे मिळाली आहेत, हे खरे. उदाहरणार्थ, एचआर ८७९९ या ताऱ्याभोवतीच्या ग्रहांची छायाचित्रे २००८ मध्ये प्रसिद्ध झाली. परंतु ते ग्रह तरुण, स्वतःच्या उष्णतेने तळपणारे आणि आपल्या ताऱ्यापासून फार दूर असलेले आहेत, आणि तरीही छायाचित्रात ते ठिपक्यांपलीकडे काही दिसत नाहीत. संतमस आपल्या ताऱ्याच्या इतका जवळ आहे, की आपल्याकडून पाहता त्या दोघांमधील कोनीय अंतर एका अंशाच्या सुमारे एक कोटीव्या भागाएवढे भरते.

संतमस आकाशात कोठे आहे? तो कोल्हापुरातून दिसतो का?

संतमस ज्या ताऱ्याभोवती फिरतो त्याचे नाव बिभा असून सूचीतील त्याचा क्रमांक एचडी ८६०८१ असा आहे. सेक्स्टन्स या फिकट तारकासमूहात, सिंह राशीतील मघा आणि वासुकी तारकासमूहातील अल्फार्ड हा तांबूस तारा या दोहोंच्या दरम्यान, परंतु अल्फार्डकडे बराच सरकलेला असा तो आहे. कोल्हापूरच्या अक्षांशावरून तो दक्षिणेकडे सुमारे ७० अंश उंचीपर्यंत चढतो आणि एप्रिलच्या मध्यावर रात्री नऊच्या सुमारास त्या उंचीवर असतो. त्याची दृश्यप्रत, म्हणजे दिसणाऱ्या तेजाचा आकडा, ८.७ आहे; हा आकडा जितका मोठा, तितका तारा फिकट. नुसत्या डोळ्यांना उत्तम अंधारातही सहाव्या प्रतीपर्यंतचेच तारे दिसत असल्याने बिभा पाहण्यासाठी ५० मिलिमीटर भिंगाचा बायनॉक्युलर, तोही तिपाईवर बसवलेला, लागतो. रंकाळ्याच्या काठावरून प्रयत्न करू नये. तेथील दिव्यांपुढे या प्रतीचा तारा टिकत नाही. मसाई पठारावरूनही आग्नेयेच्या क्षितिजावर शहराचा उजेड दिसतो, परंतु तारा तोवर पुष्कळ उंच आलेला असल्याने त्याचा फारसा त्रास होत नाही.

दुर्बिणीत दिसतो तो एक बारीक, पांढुरका ठिपका, आणि आजूबाजूला तसेच आणखी काही. रांगेत उभे राहून आलेल्या अनेकांची येथे थोडी निराशा होते, याची आम्हांला कल्पना आहे. ग्रह मात्र कोणत्याच दुर्बिणीतून वेगळा दिसत नाही.

हे भारतीय नाव त्याला कसे मिळाले?

आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघाला २०१९ मध्ये शंभर वर्षे झाली, त्या निमित्ताने सहभागी देशांना प्रत्येकी एक तारा आणि त्याच्याभोवतीचा एक ग्रह नाव ठेवण्यासाठी देण्यात आला. भारताच्या वाट्याला एचडी ८६०८१ आला. विद्यार्थ्यांकडून सूचना मागवून त्यांवर लोकांचे मतदान घेण्यात आले आणि निवडलेली नावे त्याच वर्षी डिसेंबरमध्ये जाहीर झाली. ग्रहाचे वातावरण ढगाळ असावे, या अपेक्षेने ‘संतमस’ हे संस्कृत नाव सुचवणारा विद्यार्थी पुण्यातील एका शाळेचा होता.

ताऱ्याचे नाव बिभा चौधुरी (१९१३–१९९१) या भौतिकशास्त्रज्ञ स्त्रीच्या नावावरून ठेवले आहे, आणि आमच्या मते या सगळ्या प्रकरणातील सर्वांत उचित गोष्ट हीच आहे. कोलकात्यात देवेंद्र मोहन बोस यांच्याबरोबर काम करताना त्यांनी दार्जिलिंगच्या परिसरातील उंच ठिकाणी छायाचित्रणाच्या काचा ठेवून विश्वकिरणांतील मेसॉन कणांच्या खुणा तपासल्या. महायुद्धामुळे त्यांना अधिक संवेदनशील काचा मिळू शकल्या नाहीत. पुढे याच पद्धतीचा विकास करून सेसिल पॉवेल यांनी केलेल्या कामाला १९५० चे नोबेल पारितोषिक मिळाले. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील त्या पहिल्या स्त्री संशोधक होत. न दिसणाऱ्या गोष्टीचा माग तिने सोडलेल्या खुणांवरून काढणे हे त्यांचे आयुष्यभराचे काम होते, आणि संतमसचा शोधही तसाच लागला आहे.

ग्रह दिसतच नाही, तर तो आहे हे कशावरून?

तारा स्थिर आणि ग्रह त्याच्याभोवती फिरतो, असे आपण सोयीसाठी म्हणतो. वास्तविक दोघेही आपल्या सामायिक गुरुत्वमध्याभोवती फिरत असतात. बिभा हा संतमसपेक्षा सुमारे साडेआठशे पट जड असल्यामुळे त्याच्या वाट्याला अगदी लहान वर्तुळ येते. त्या वर्तुळाची त्रिज्या गणिताने सुमारे ६,१०० किलोमीटर निघते, म्हणजे ती जवळजवळ आपल्या पृथ्वीच्या त्रिज्येएवढी आहे. सतरा लाख किलोमीटर व्यासाचा तारा पृथ्वीएवढ्या वर्तुळात डुलतो आहे, आणि ते डुलणे ३४० प्रकाशवर्षांवरून ओळखायचे आहे, असा हा प्रश्न आहे.

जागेतील हा बदल दिसण्याजोगा नसला, तरी वेगातील बदल मोजता येतो. डुलताना बिभा आळीपाळीने आपल्याकडे येतो आणि आपल्यापासून दूर जातो, व या हालचालीचा वेग सेकंदाला जास्तीत जास्त सुमारे २०८ मीटर, म्हणजे ताशी ७५० किलोमीटरच्या आसपास भरतो. तारा जवळ येत असता त्याच्या वर्णपटातील काळ्या रेषा निळ्या टोकाकडे सरकतात आणि दूर जात असता तांबड्या टोकाकडे. हे सरकणे तरंगलांबीच्या सुमारे चौदा लाखांतील एका भागाएवढे सूक्ष्म असल्यामुळे मोजपट्टीही तितकीच भरवशाची लागते. त्यासाठी ताऱ्याचा प्रकाश आयोडीनच्या वाफेने भरलेल्या काचेच्या नळीतून नेतात. आयोडीनच्या रेषा वर्णपटावर बारीक खुणांसारख्या उमटतात, आणि त्यांच्या तुलनेत ताऱ्याच्या रेषा किती हलल्या हे पाहता येते. हवाई बेटांवरील केक वेधशाळेच्या दहा मीटर व्यासाच्या दुर्बिणीने घेतलेल्या अशा वेधांतून संतमसचा शोध लागला आणि तो २००६ मध्ये जाहीर झाला. ज्या ताऱ्यांत जड मूलद्रव्यांचे प्रमाण अधिक, त्यांच्याभोवती मोठे ग्रह सापडण्याची शक्यता अधिक, हे धरून असे दोन हजार नवे तारे तपासण्याची मोहीम तेव्हा चालू होती, आणि बिभा त्यांपैकी एक होता.

तख्त्यावर ग्रहाचे वस्तुमान ‘गुरूच्या किमान दीडपट’ असे लिहिले आहे. ‘किमान’ कशासाठी?

कारण या पद्धतीत ताऱ्याच्या वेगाचा फक्त आपल्या दिशेचा भाग कळतो. ग्रहाची कक्षा आपल्याला कडेने दिसत असेल तर तो भाग म्हणजेच संपूर्ण वेग होय. कक्षा कलती असेल तर खरा वेग, आणि म्हणून ग्रहाचे खरे वस्तुमान, त्याहून अधिक असते. कक्षा अगदी कडेने दिसत असती, तर दर फेरीला ग्रह ताऱ्यासमोरून गेला असता आणि ताऱ्याचे तेज किंचित उतरले असते. असे अधिक्रमण शोधण्याचा प्रयत्न झाला, परंतु ते आढळले नाही. एवढ्या जवळच्या ग्रहाचे अधिक्रमण दिसण्याची शक्यताही सहात एक एवढीच असते.

या एका अभावाने बरेच काही हातचे गेले आहे. अधिक्रमण नसल्यामुळे संतमसचा व्यास मोजता आलेला नाही, घनता काढता आलेली नाही, आणि त्याच्या वातावरणातून गाळून आलेला ताऱ्याचा प्रकाशही तपासता येत नाही. तख्त्यावर आम्ही व्यास गुरूएवढा धरला आहे. ती कल्पना आहे, आणि तेथे तसे लिहिलेही आहे.

तेथील वर्ष आणि दिवस केवढे?

वर्ष २ दिवस ३ तास १८ मिनिटांचे. हे मोजलेले आहे. त्यावरून कक्षेची त्रिज्या सुमारे ५२ लाख किलोमीटर निघते, तर आपला बुध सूर्यापासून सरासरी ५ कोटी ८० लाख किलोमीटरवर आहे. एवढ्या जवळ राहून कक्षेत टिकायचे तर संतमसला सेकंदाला सुमारे १७६ किलोमीटर वेगाने धावावे लागते; पृथ्वीचा वेग सेकंदाला ३० किलोमीटर आहे.

दिवसाचा हिशेब वेगळा आहे. ताऱ्याच्या एवढ्या सान्निध्यातील ग्रहाचे स्वतःभोवतीचे फिरणे भरती-ओहोटीच्या ओढीमुळे मंदावत जाते आणि अखेर आपला चंद्र जसा एकच बाजू पृथ्वीकडे ठेवतो, तशी त्याची एकच बाजू ताऱ्याकडे राहते. संतमसच्या बाबतीत हे मोजलेले नाही, परंतु सिद्धान्तावरून तसे धरण्यास सबळ कारण आहे. त्यामुळे तेथे सूर्योदय-सूर्यास्त नाहीत. अर्ध्या ग्रहावर कायम दिवस आणि अर्ध्यावर कायम रात्र.

तापमान १,४०० अंश सेल्सिअस, हे कोणी मोजले?

मोजलेले नाही, हिशेबाने काढलेले आहे. बिभाच्या पृष्ठभागाचे तापमान सुमारे ६,००० केल्विन आहे आणि तो सूर्यापेक्षा थोडा मोठा आहे. ५२ लाख किलोमीटरवर त्याचा प्रकाश पृथ्वीवरील सूर्यप्रकाशाच्या सुमारे दीड हजार पट प्रखर पडतो. ग्रहाने ही सगळी उष्णता शोषून सर्व बाजूंनी सारखी बाहेर टाकली असे मानले, तर तापमान १,७०० केल्विनच्या आसपास, म्हणजे सुमारे १,४०० अंश सेल्सिअस निघते.

हा आकडा कोल्हापूरकरांना समजावून सांगावा लागत नाही. शिरोलीच्या एमआयडीसीतील फाउंड्रीत लॅडलमधून मोल्डमध्ये ओतले जाणारे बीड साधारण याच तापमानाला असते. तेथे काम करणारे श्रोते आम्हांला आवर्जून विचारतात की, भट्टीतल्या रसात थर्मोकपलची टिप बुडवल्याशिवाय आम्ही आकड्यावर विश्वास ठेवत नाही, मग तुम्ही कसा ठेवता? शंका रास्त आहे. टिप न बुडवता, तापलेल्या वस्तूच्या तेजावरूनच तापमान सांगणारे पायरोमीटरही फाउंड्रीत असतात, आणि इतर काही ग्रहांचे तापमान खगोलशास्त्रज्ञ त्याच तत्त्वाने काढतात: ग्रह ताऱ्याच्या मागे लपला की एकूण अवरक्त प्रकाश जेवढा घटतो, तेवढा त्या ग्रहाचा. संतमस ताऱ्यासमोरून जात नाही आणि मागेही लपत नाही, म्हणून येथे तीही सोय नाही. तख्त्यावरील १,४०० या आकड्यापुढे ‘गणिताने’ असे कंसात लिहिले आहे ते याचसाठी.

चित्रात तारा एवढा प्रचंड आणि क्षितिजाला चिकटलेला का आहे?

प्रचंड असणे हा हिशेब आहे. संतमसवरून बिभाची तबकडी सुमारे १८ अंश रुंद दिसेल, म्हणजे आपल्या सूर्यबिंबाच्या जवळजवळ पस्तीसपट. हात ताठ समोर धरून अंगठा आणि करंगळी ताणून वीत केली, तर तिने जेवढे आकाश झाकले जाते, साधारण तेवढी ती रुंदी आहे. तख्ता रंगवण्यापूर्वी आमच्या चित्रकार मित्राने पठारावर मावळत्या सूर्यासमोर अशी वीत धरून प्रमाण ठरवले.

क्षितिज ही मात्र आमची निवड आहे. दृश्याची जागा आम्ही दिवस आणि रात्र यांच्या सीमेवर, पहाटेच्या बाजूला कल्पिली आहे आणि पाहणारा म्हणून वातावरणात तरंगणारे एक निर्मनुष्य यान धरले आहे. तेथून तारा पूर्वेला क्षितिजावर अर्धा वर आलेला असतो आणि तसाच राहतो. भर दुपारच्या बाजूला यान ठेवले असते, तर आंधळे करणाऱ्या पांढऱ्या उजेडाशिवाय रंगवण्यासारखे काही उरले नसते.

ढग कशाचे आहेत?

स्फटिकाचे, म्हणजे सिलिका किंवा क्वार्ट्झच्या अतिसूक्ष्म कणांचे. हे आम्ही कल्पिले आहे, परंतु आधार घेऊन. वास्प-१७बी हा असाच तप्त, गुरूसारखा ग्रह असून त्याचे तापमान संतमसच्या गणिती तापमानाच्या जवळपास आहे. त्याच्या वातावरणात क्वार्ट्झचे सूक्ष्म स्फटिक असल्याचे जेम्स वेब दुर्बिणीच्या वेधांवरून २०२३ मध्ये जाहीर झाले. केप्लर-७बी या ग्रहाची पश्चिमेकडील बाजू परावर्तित प्रकाशात अधिक उजळ दिसते, आणि ते तेथील ढगांमुळे असावे असा निष्कर्ष २०१३ मध्ये निघाला. रात्रीच्या थंड बाजूकडून आलेली हवा पहाटेच्या सीमेवरून दिवसात शिरते. तोवर तिच्यातील कण घन राहतात आणि पुढे ताऱ्याखाली तापून विरतात, असे त्याचे स्पष्टीकरण आहे. आमच्या तख्त्यावरील धुके डावीकडे दाट आणि ताऱ्याकडे विरळ होत गेले आहे, ते या समजुतीप्रमाणे.

वारा दिसत नाही, तर तो चित्रात कसा दाखवला?

ढगांच्या लांबट पट्ट्यांवरून. एचडी १८९७३३बी या ग्रहाचा सर्वांत उष्ण भाग ताऱ्याच्या बरोबर खाली नसून पूर्वेकडे सरकलेला आहे, हे स्पिट्झर दुर्बिणीने २००७ मध्ये दाखवले. म्हणजे विषुववृत्तावरून पूर्वेकडे जोराचा प्रवाह वाहत असला पाहिजे. पुढे तेथील वाऱ्याचा वेग सेकंदाला सुमारे दोन किलोमीटर असल्याचे वर्णपटावरून मोजले गेले. तोच आकडा आम्ही संतमससाठी उसना घेतला आहे, आणि त्यामुळे चित्रातील सगळे पट्टे ताऱ्याच्या दिशेने ओढले गेले आहेत.

या निमित्ताने एक स्थानिक गोष्ट नोंदवावीशी वाटते. कोल्हापुरात शिवाजी विद्यापीठाच्या परिसरात भारतीय भूचुंबकत्व संस्थेच्या रडारने आपल्याच डोक्यावर साठ ते शंभर किलोमीटर उंचीवरील वारे रेडिओलहरींनी मोजले गेले आहेत. वारा न पाहता त्याचा वेग सांगण्याचे काम या शहराला अगदीच नवे नाही.

रात्रीची बाजू काळी का रंगवली नाही?

ताऱ्याचा उजेड तेथे कधीच पोहोचत नाही, म्हणून अंधार असावा, असे वाटणे साहजिक आहे. परंतु ज्या तप्त गुरूंच्या रात्रीच्या बाजूचे तापमान काढता आले आहे, त्यांपैकी अनेकांचे ते ८०० अंश सेल्सिअसच्या आसपास निघाले आहे, आणि एवढ्या तापमानाची वस्तू अंधारात तांबडी दिसते. वरच्या ढगांनी झाकले नाही, तर संतमसच्या रात्रीतही खोलवरून मंद तांबूस झाक दिसावी. चित्रकाराने आधी तेथे तारे काढले होते. धुके आणि ही झाक लक्षात घेता ते पुसायला आम्हीच सांगितले.

तेथे उभे राहता येईल का? जीवसृष्टी असेल का?

दोन्हींचे उत्तर नाही असेच आहे. असा ग्रह मुख्यतः हायड्रोजन आणि हेलियमचा असतो. पाय ठेवायला जमीनच नसते आणि खाली जावे तसा दाब व उष्णता वाढत जाते.

संतमसचा कुंडलीवर परिणाम होतो का?

नाही. हा ग्रह २००६ पूर्वी कोणालाही ठाऊक नव्हता, आणि तोवरच्या पत्रिकांचे काही अडले नव्हते.

तेथे पोहोचायला किती काळ लागेल?

व्हॉयेजर १ च्या वेगाने, म्हणजे सेकंदाला सुमारे १७ किलोमीटर धरून, साठ लाख वर्षे. प्रकाशाला सुमारे ३४० वर्षे लागतात; पठारावरून आज बिभाचा जो प्रकाश दिसतो, तो पन्हाळ्यावर छत्रपती संभाजी महाराजांचा अंमल होता त्या सुमारास तेथून निघालेला आहे.

भारतातून असे ग्रह शोधले जातात का?

होय. अहमदाबादच्या भौतिकी संशोधन प्रयोगशाळेची वेधशाळा माऊंट अबू येथे असून तेथील ‘पारस’ हे उपकरण ताऱ्यांचे असेच डुलणे मोजते. टीओआय-१७८९बी हा तप्त, गुरूसारखा ग्रह त्याच्या साहाय्याने सापडला आणि २०२१ मध्ये जाहीर झाला. विज्ञान शाखेच्या विद्यार्थ्यांनी केकची नावे पाठ करण्याबरोबर माऊंट अबूचीही माहिती घ्यावी.

पुढे नवी माहिती मिळाली तर तख्ता बदलणार का?

बदलणार. अधिक्रमण न करणाऱ्या ग्रहाविषयी अधिक कळण्याचा एक मार्ग खुला आहे. टाऊ बूटीस बी हा ग्रहही ताऱ्यासमोरून जात नाही. परंतु चिलीतील व्हेरी लार्ज टेलिस्कोपने त्याच्या वातावरणातील कार्बन मोनॉक्साइडच्या रेषा ताऱ्याच्या प्रकाशातून वेगळ्या ओळखल्या, आणि त्यामुळे २०१२ मध्ये त्याच्या कक्षेचा कल (अगदी कडेने दिसणाऱ्या कक्षेचा कल ९० अंश धरतात) सुमारे ४५ अंश आणि खरे वस्तुमान गुरूच्या सुमारे सहापट असल्याचे कळले. संतमससाठी हेच करणे अवघड आहे, कारण बिभा हा टाऊ बूटीसपेक्षा सुमारे पन्नास पट फिकट दिसतो. चिलीत उभारल्या जात असलेल्या ३९ मीटर व्यासाच्या दुर्बिणीकडून त्यामुळेच अपेक्षा आहेत.

समजा, कक्षेचा कल ३० अंश निघाला, तर संतमसचे वस्तुमान गुरूच्या तिप्पट होईल, आणि व्यास गुरूएवढाच धरला तर त्याचे गुरुत्व आम्ही धरलेल्या, पृथ्वीच्या जवळजवळ चौपट गुरुत्वाच्या दुप्पट होईल. गुरुत्व दुप्पट झाले की वातावरण तितकेच दाबले जाते. तशा वेळी चित्रातील धुक्याची जाडी निम्मी करावी लागेल. तो भाग चित्रकाराने आताच पातळ थरात रंगवून ठेवला आहे, म्हणजे खरवडून पुन्हा रंगवता येईल.